पाहिलेले लंडन, राहिलेले लंडन

मराठीत 'प्रवासी' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो गाडीत बसलेला माणूस. त्याच्या हाती तिकीट असते, त्याला कोठे तरी पोचावयाचे असते आणि बहुधा परतही यावयाचे असते. बंगालीत याच शब्दाचा अर्थ घर सोडून परमुलखात राहणारा असा होतो. रवीन्द्रनाथांच्या पहिल्या इंग्लंड-वास्तव्यातील पत्रे १८८१ साली 'यूरोप-प्रवासीर पत्र' या नावाने ग्रंथरूपात आली, तेव्हा त्या शीर्षकातील प्रवासी हा युरोपात फिरणारा नव्हता, तेथे राहणारा होता. रामानंद चट्टोपाध्याय यांनी १९०१ साली अलाहाबादेहून 'प्रवासी' मासिक सुरू केले, तेही बंगालबाहेर राहत असलेल्या बंगाली माणसाच्या जाणिवेतून. मुळात 'प्रवास' या शब्दातील धातू 'वस्' म्हणजे राहणे हाच आहे. मराठीने त्यातील वास सोडून दिला आणि प्रस्थान तेवढे ठेवले. परदेशी राहणाऱ्यासाठी आपल्याकडे पुढे जो शब्द सरकारी कागदांतून रूढ झाला तो 'अनिवासी'. हा माणूस कोठे राहत नाही एवढेच तो शब्द सांगतो. कोठे राहतो याविषयी त्याला काही म्हणावयाचे नाही.

शब्दार्थाची ही चर्चा येथे करावयाची ती एका वाङ्मयीन कारणासाठी. परदेशातील महानगरात राहून मराठी माणसाने जे लिहिले ते सारे मराठी समीक्षेने 'प्रवासवर्णन' या एकाच सदरात टाकले आहे. त्यामुळे त्या लेखनाला प्रश्नही प्रवासवर्णनाचेच विचारले गेले: लेखकाची दृष्टी ताजी आहे काय, निसर्ग आणि वास्तू यांची चित्रे उठावदार उतरली आहेत काय, माहिती आणि लालित्य यांचा मेळ बसला आहे काय. हे प्रश्न चुकीचे नाहीत. मात्र ते पहिल्या भेटीचे प्रश्न आहेत. एखादे चित्रसंग्रहालय लेखकाने पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला काय वाटले हे त्यांतून कळते. त्याच संग्रहालयात तो पाऊस लागला म्हणून, खोली गार पडली म्हणून किंवा रविवारी दुसरे काही परवडत नाही म्हणून विसाव्यांदा गेला तेव्हा काय झाले, हे विचारण्याची सोय त्या चौकटीत नाही. राहणाऱ्याचा अनुभव तर याच विसाव्या खेपेत असतो.

या प्रकारच्या अनुभवाचा एक अजोड नमुना मराठीबाहेर, गुजरातीत आहे आणि तो मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. महात्मा गांधींच्या आत्मकथेतील लंडनविषयक प्रकरणे सहसा चरित्राची साधने म्हणून वाचली जातात. महानगरातील राहणीचे गद्य म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. १८८८ साली बॅरिस्टरीसाठी गेलेल्या या तरुणाला एक स्नेही नाटकाला नेतो. त्याआधी दोघे होबर्न येथील एका मोठ्या उपाहारगृहात जेवावयास बसतात. पहिलेच सूप पुढे येते. ते कशाचे आहे हे मित्राला विचारण्याचे धैर्य होत नाही, म्हणून तरुण वाढप्याला बोलावतो. मित्र संतापतो आणि अशा ठिकाणी असे विचारावयाचे असेल तर बाहेर जाऊन जेव असे सुनावतो. तरुण बाहेर पडतो. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद झालेले असते. तो उपाशीपोटीच मित्राबरोबर नाटकाला जातो. त्या रात्री कोणते नाटक पाहिले याचा आत्मकथेत पत्ता नाही, सूप मात्र आहे. नाटकाला जाणे ही गोष्ट जेवणापासून, मैत्रीपासून, आईला दिलेल्या वचनापासून आणि बंद झालेल्या दुकानापासून तोडता येत नाही, हे त्या एका पानात जसे उमटले आहे तसे भारतीय भाषांतील विदेशवर्णनांत फार थोड्या ठिकाणी उमटले असेल.

त्याच प्रकरणांतून हिशेबही येतो. तीन पौंडांचे व्हायोलिन, नृत्याचे वर्ग, बाँड स्ट्रीटवर शिवलेला सायंकाळचा पोशाख. आणि मग बसभाडे वाचविण्यासाठी रोजची आठ-दहा मैलांची पायपीट, दोन खोल्यांऐवजी एक खोली, स्टोव्हवर घरीच शिजविलेली ओटची लापशी, दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सपर्यंत उतरलेला. पॅरिसच्या प्रदर्शनात तर आयफेल मनोऱ्यावर जेवलो एवढे म्हणता यावे यासाठी घालविलेल्या सात शिलिंगांची नोंद आहे. पैशाची ही नोंद काही वाचकांना अरसिक वाटते. वस्तुतः महानगराची संस्कृती राहणाऱ्याच्या वाट्याला किती येते हे पैसा, वेळ आणि अंतर यांवर ठरते, आणि ज्या लेखनातून हे तिन्ही गाळले जातात त्या लेखनात शहर उरत नाही, केवळ त्याची चित्रपत्रे उरतात.

मराठीत या दिशेचा पहिला मोठा प्रयत्न पंडिता रमाबाईंचा. त्यांचा विषय लंडन नव्हे, अमेरिका आहे. तथापि पद्धतीचा प्रश्न असल्यामुळे त्यांना वगळता येत नाही. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नावच 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' असे आहे. त्यातील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांच्याबरोबर घरे आणि घरगुती राहणी यांनाही त्यांनी स्वतंत्र स्थान दिले. घर कसे आहे हे पाहिल्यावाचून देश कळत नाही, ही त्यांची धारणा होती, आणि ती एका परक्या समाजात वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या घरांत राहिलेल्या स्त्रीची धारणा होती. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ला मराठी प्रवासलेखनाच्या आरंभी मानाचे स्थान मिळाले, आणि ते योग्यच होते. रमाबाईंच्या ग्रंथाकडे मात्र दीर्घ काळ समाजसुधारणेच्या इतिहासातील कागद म्हणूनच पाहिले गेले. मराठी गद्याने राहणीच्या निरीक्षणाची ही वाट पुढे चालविली असती तर विसाव्या शतकातील विदेशविषयक लेखनाचे स्वरूप निराळे झाले असते, असे म्हणावयास जागा आहे.

पुढे घडले ते वेगळेच. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकापासून प्रवासवर्णनाला ललित निबंधाची प्रसन्न शैली लाभली आणि धुके हे विलायतेचे काव्यमय चिन्ह होऊन बसले. लंडनमध्ये राहणाऱ्याला धुके काव्यमय नव्हते. घरोघर जळणाऱ्या कोळशाचा धूर त्यात मिसळलेला असे. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसे. १९५२ सालच्या डिसेंबरात पाच दिवस साचून राहिलेल्या अशा धुराने हजारो माणसे दगावली, आणि त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. भाड्याच्या खोलीत गॅसच्या शेगडीला मीटर जोडलेला असे. त्यात शिलिंगचे नाणे टाकावे तेवढीच ऊब मिळे. अन्नधान्याचे नियंत्रण १९५४ च्या मध्यापर्यंत चालू होते. खोली मिळणे हीच एक परीक्षा असे, कारण रंगाकडे पाहून नकार देणाऱ्या पाट्या खिडकीत लावणे तेव्हा बेकायदा नव्हते. वंशभेदाविरुद्धचा १९६५ सालचा पहिला कायदाही घरभाड्याच्या व्यवहारापर्यंत पोचला नव्हता. ते १९६८ साली घडले.

याच शहरात संस्कृती विलक्षण स्वस्त होती, हा त्याच चित्राचा दुसरा भाग. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडले ते विनामूल्य. नॅशनल गॅलरीतील चित्रे युद्धकाळात सुरक्षित जागी हलविली गेल्यावर त्या रिकाम्या दालनांत मायरा हेस या पियानोवादिकेने दुपारच्या मैफली सुरू केल्या. त्या १९३९ पासून १९४६ पर्यंत चालल्या. १८९५ साली सुरू झालेल्या 'प्रॉम्स' मैफली क्वीन्स हॉल बाँबफेकीत नष्ट झाल्यावर १९४१ पासून अल्बर्ट हॉलमध्ये होऊ लागल्या, आणि तेथे रांगेत उभे राहून अल्प दरात, उभ्यानेच, श्रेष्ठ वादकांना ऐकता येत असे. नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या सज्ज्यातील जागांसाठी रांग लागे, तेव्हा रांगेत बसावयास भाड्याने तिवई मिळे आणि रस्त्यावरचे गवई त्या रांगेपुढे गाऊन टोपी फिरवीत. खेळ संपल्यावर राष्ट्रगीत वाजे, आणि शेवटची गाडी गाठू पाहणाऱ्यांची त्याआधी दाराकडे घाई उडे. गार खोली आणि ऊबदार नाट्यगृह यांचा हा संबंध एकदा ध्यानात घेतला, म्हणजे एखादा परदेशी विद्यार्थी आठवड्यातून तीनदा नाटकाला का जातो याचे उत्तर निव्वळ रसिकतेत शोधण्याचे कारण उरत नाही. ऊब ही त्याच्या रसिकतेची एक अट असते. यात रसिकतेची अवहेलना नाही. तिला देह आहे एवढेच त्यातून दिसते.

या पार्श्वभूमीवर पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९५८ साली ते दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले होते. म्हणजे काही महिने तेथे राहिले होते, कामावर जात होते. पुस्तकाला नाव मात्र त्यांनी दिले ते 'अपूर्वाई'. जे पूर्वी घडले नाही त्याचे कौतुक, असा त्या शब्दाचा भाव. लेखकाने आपली भूमिका त्या एका शब्दात प्रामाणिकपणे सांगून टाकली आहे: हे पहिल्या दर्शनाचे पुस्तक आहे. मराठी मध्यमवर्गाने ज्या विलायतेविषयी दीड शतक ऐकले, जिच्या कवींवर परीक्षा दिल्या, जिच्या राजवटीविरुद्ध चळवळ केली, तिला प्रत्यक्ष भेटताना होणारी त्रेधा आणि आनंद यांचे असे चित्र दुसरे नाही. परक्याला आपल्या चाळीतील एखाद्या ओळखीच्या माणसाची उपमा देऊन घरात आणून बसविणे, ही पुलंच्या विनोदाची रीत. तिच्यामुळे लंडन मराठी वाचकाला भीतिदायक राहिले नाही, हे त्या पुस्तकाचे मोठे काम.

पण याच रीतीची एक मर्यादाही आहे. परके जर लगेच ओळखीचे झाले, तर त्याच्या परकेपणाला मुरावयास वेळ मिळत नाही. राहणाऱ्याचा अनुभव उलट क्रमाने घडतो: पहिल्या आठवड्यात जे ओळखीचे वाटते ते सहाव्या महिन्यात परके वाटू लागते. शेजाऱ्याची सभ्यता ही आधी सभ्यता वाटते, मग भिंत वाटते, आणि बऱ्याच काळाने त्या भिंतीलाही एक दार असल्याचे कळते. 'अपूर्वाई'तील विनोद पहिल्या पायरीवर इतका लख्ख आहे की पुढच्या पायऱ्यांची आठवण वाचकाला होत नाही. पुलंच्याच घराची दुसरी बाजू मांडणारे सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले. त्यानंतर 'अपूर्वाई' वाचणाऱ्याच्या मनात आणखी एक साधा प्रश्न उभा राहतो, की त्या लंडनच्या खोलीत स्वयंपाक, धुणे आणि हिशेब या गोष्टी कोण पाहत होते. तो प्रश्न पुस्तकावर अन्याय करणारा असेलही. विचारल्यावाचून राहवत नाही, इतके खरे.

पुलंना राहण्याचे गद्य साधत नव्हते असे मात्र मुळीच नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्या वास्तव्यातून 'वंगचित्रे' (१९७४) हे पुस्तक झाले. तेथे ते पाहुणे नाहीत, विद्यार्थी आहेत. रोजच्या नोंदींतून भाषा हळूहळू कानात उतरते, एकच रस्ता पुनःपुन्हा येतो, विनोदाचा वेग मंदावतो आणि आस्था वाढत जाते. लंडन हे दूरचे आणि शांतिनिकेतन हे स्वदेशातले. तरीही मराठी लेखकाचे परभाषिक भूमीतील राहणे अधिक गाढपणे उमटले आहे ते या दुसऱ्या पुस्तकात. 'अपूर्वाई'च्या लोकप्रियतेपुढे 'वंगचित्रे' मागे पडले, यात वाचकांच्या अभिरुचीइतकाच समीक्षेचाही दोष आहे.

बा. सी. मर्ढेकर १९२९ ते १९३३ या काळात लंडनमध्ये होते. त्या वास्तव्याचे जे फळ मराठीला मिळाले ते सौंदर्यविचाराच्या रूपाने. खोली, रांग, रस्ता यांचे त्यात काही उरले नाही. विश्राम बेडेकर चित्रपटविषयक शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, आणि त्यांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीने मराठी कादंबरीची सीमा खऱ्या अर्थाने समुद्रापलीकडे नेली. पण ती कादंबरी घडते परतीच्या बोटीवर. मराठीतील युरोपचा सर्वांत तीव्र अनुभव हा शहरातला नसून जहाजावरचा असावा, हा योगायोग बोलका आहे.

लंडनचा रहिवासी म्हणून मराठीत ठामपणे लिहिणाऱ्या लेखिका म्हणजे मीना प्रभू (१९३९–२०२५). पेशाने डॉक्टर असलेल्या प्रभूंचे लंडनमध्ये अनेक दशके वास्तव्य होते, आणि त्यांच्या पुस्तकाच्या नावातील 'माझं लंडन' हे षष्ठीचे रूप मराठी विदेशलेखनात नवे होते. 'माझे' हे म्हणण्याचा हक्क पाहुण्याला नसतो. कर भरणाऱ्याला, मुले वाढविणाऱ्याला, थंडीत कामावर जाणाऱ्याला तो मिळतो. या पुस्तकातील सामर्थ्य तिच्या चालण्यात आहे. एखाद्या गल्लीचे नाव, एखाद्या इमारतीचा इतिहास, एखादी जुनी प्रथा ही माहिती तिने एका दिवसात गोळा केलेली नाही. वर्षानुवर्षे त्याच रस्त्यांवरून जाताना ती साठत गेली आहे. पाहुणे आले की त्यांना तेच टॉवर, तेच राजवाडे पुन्हा दाखवावयाचे, आणि दर खेपेस आपल्यालाच त्यात काही वेगळे दिसावयाचे, हा परदेशस्थ गृहिणीचा नेहमीचा अनुभव आहे. दुसऱ्याला दाखविण्याच्या त्या सवयीतूनच या लेखनाचा मोकळा, सांगणारा सूर आला असावा.

अडचण उद्भवते तीही येथेच. दाखविणारी पुढे येते तशी राहणारी मागे सरते. राजे, आगी, साथी, मनोरे यांचा इतिहास इतका भरघोस येतो की लेखिकेच्या स्वतःच्या दिवसाला जागा उरत नाही. रुग्णालयातून थकून परतलेली स्त्री त्या संध्याकाळी नाटकाला जाते की झोपी जाते, आणि गेली तर पहिल्या अंकात तिचा डोळा लागतो काय, हे कळावयास हवे होते. ते कळले असते तर 'माझं' या शब्दाचे पुरते मोल वाचकाच्या पदरात पडले असते. तिच्या पुढील पुस्तकांत ती प्रवासी झाली, मेक्सिको, ग्रीस, तुर्कस्तान, इराण असे देश पालथे घालीत राहिली, आणि मराठी वाचकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले. लंडनची रहिवासी मात्र त्या एका पुस्तकात अर्धी बोलून थांबली.

परदेशस्थाच्या सांस्कृतिक जीवनाची आणखी एक बाजू मराठी लेखनात जवळजवळ उपेक्षितच आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. वायव्य लंडनमध्ये त्याची स्वतःची वास्तू आहे. एकच माणूस शनिवारी वेस्ट एंडमध्ये शेक्सपिअर पाहतो आणि रविवारी मंडळाच्या सभागृहात हौशी मंडळींनी बसविलेले मराठी नाटक पाहतो. आपल्या लेखनात पहिल्याची गणना 'संस्कृती'त होते आणि दुसऱ्याची 'घरच्या आठवणी'त. ही वाटणी तपासून पाहावयास हवी. मंडळातले नाटक पाहताना प्रेक्षकाला कलावंत ठाऊक असतो, तो सोमवारी कोणत्या कचेरीत जाणार हेही ठाऊक असते. कोणी उच्चार विसरत चालले आहे, कोणाची मुलगी पाठ केलेले मराठी रोमन लिपीत लिहून आणते, हे दिसत असते. वेस्ट एंडमध्ये त्याला कला भेटते. येथे भाषा हातातून सुटत असल्याचे दिसते, आणि ती सुटू नये यासाठी चाललेली खटपटही दिसते. अभ्यासकाच्या दृष्टीने दुसरी संध्याकाळ पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. मंडळांच्या गणेशोत्सवी स्मरणिका ही तिची मुख्य साधने. त्यांत कविता सामान्य असतात, छायाचित्रे अंधुक असतात आणि जाहिराती फार असतात. मराठी ग्रंथालयांनी त्या जमविण्याचे मनावर घेतलेले नाही. घरातली वडीलधारी माणसे गेली की त्या रद्दीत जातात.